मामाचं एसजीओटी

माझ्या मामाचं रक्त तपासायचं होतं त्या दिवशी मामा नवा शर्ट घालून आला. केस कापलेले, दाढी गुळगुळीत, बुटांना पॉलिश. रक्त काढणाऱ्या मुलीने बाही वर करायला सांगितली तेव्हा त्याने ती इतक्या निगुतीने दुमडली, की जसं काही इस्त्रीचेही गुण मिळणार होते.

"मामा, रक्त आतून काढतात," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय? समोरच्याला आधी माणूस दिसतो, रक्त मागाहून," तो म्हणाला आणि त्या मुलीकडे बघून पासपोर्टच्या फोटोत हसतात तसा हसला.

उठताना मात्र त्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि "आई गं" म्हणत तो हळूहळू सरळ झाला. एवढ्याशा सुईचं काय ते कौतुक, म्हणून मी हसले.

मामाचा धंदा शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचा. त्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधे उरलेली एक चिंचोळी खोली. आत शिरायचं तर गिऱ्हाइकाला आडवं व्हावं लागतं, आणि गिऱ्हाईक जरा अंगाने भरलेलं असलं तर मामाच बाहेर येतो. दोन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर यंत्रांची बिडाची जड हेडं, म्हणजे सुईकडचे वरचे भाग, ओळीने मांडलेली, खाली पट्टे, बॉबिन, मोडक्या सुया आणि तेलाच्या बाटल्या. मामाच्या बोटांना त्या तेलाचा वास कायमचा आहे. तो पाव खातो तेव्हा पावालाही येत असणार, पण त्याने कधी तक्रार केलेली नाही.

दुरुस्त झालेलं यंत्र तो लगेच कधीच देत नाही. जुन्या जीन्सच्या कापडाच्या घड्यांवर घड्या घालायच्या, त्या सुईखाली सरकवायच्या आणि यंत्र पूर्ण वेगाने पळवायचं. टेबल थरथरतं, फळीवरच्या डब्या वाजायला लागतात, शेजारचा चष्मेवाला भिंतीवर थापा मारतो. मामा थांबत नाही. पुरेसं पळवून झालं की यंत्राच्या अंगावर तळवा ठेवून ते किती तापलंय ते बघतो, आणि मगच त्याच्या तोंडावर समाधान दिसतं. गिऱ्हाईक म्हणतं, अहो चालतंय ना, द्या की. मामा म्हणतो, "जे मोडायचं ते इथे मोडू दे. तुमच्या घरी जाऊन मोडलं तर माझी काय किंमत राहिली?" या एका सवयीपायी त्याची कामं नेहमी उशिरा होतात, आणि या एका सवयीपायीच लोक गाव ओलांडून त्याच्याकडे येतात.

तर अशा माणसाला आम्ही रक्त तपासायला नेलं होतं. कारण माझ्या आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या.

आई मामाची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचा आवाज अजून तसाच आहे, नम्र, गोड, आणि कुणाचंही काही ऐकून न घेणारा. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागायचं. परत आली की भिंतीकडे तोंड करून पडायची आणि विचारलं तर म्हणायची, "मी मजेत आहे." डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की, असं फार काळ रेटता येणार नाही, किडनी बदलणं हाच खरा उपाय. माझे वडील केव्हाच गेलेले. मी हात वर केला, पण माझा रक्तगट आईशी जुळेना. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी मला माझ्याच रक्ताचा इतका राग आला की, विचारू नका. मामाचा जुळला. मामाने ते ऐकलं आणि लॉटरी लागल्यासारखी दुकानाच्या दारात शिट्टी वाजवली.

आई म्हणाली, "मला नको."

मामा म्हणाला, "तुला कोण विचारतंय?"

बहीणभावांची चर्चा एवढीच. मग मामाच्या तपासण्या सुरू झाल्या. दवाखान्यात त्याला सांगितलं की, देणारा माणूस आधी स्वतः ठणठणीत हवा. हृदय, फुप्फुसं, लिव्हर, सगळं आम्ही नीट तपासणार, त्यात एक जरी गोष्ट खटकली तरी आम्ही पुढे जाणार नाही. मामाने मान डोलावली. हे तत्त्व त्याला मनापासून पटलं. इतकं पटलं की तिथेच घोटाळा झाला, पण ते आम्हाला मागाहून कळलं.

रिपोर्ट आला. साखर चांगली, किडनी उत्तम, हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा चांगलं. आणि मधेच एक ओळ ठळक अक्षरात: एसजीओटी. चाळीसच्या आत हवं, मामाचं एकशे साठ. त्याच्याखाली त्याचा भाऊ एसजीपीटी, तोही मर्यादा ओलांडून बसलेला. ही लिव्हरची एन्झाइम्स, असं वरच्या मथळ्यात लिहिलं होतं. दवाखान्यातून फोन आला की, तूर्त थांबूया, आठवड्याने परत तपासू.

मी शाळेत गणित शिकवते. आकडे माझ्याशी खोटं बोलत नाहीत अशी माझी समजूत आहे. मी त्याच रात्री संगणकासमोर बसले आणि वाचत सुटले. लिव्हरला सूज, लिव्हरवर चरबी, कावीळ, औषधांचा परिणाम. आणि मग एका ठिकाणी असं सापडलं की, पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूचा संशय घ्यावा. मी भागाकार केला. दुपटीहून जास्तच होता. मी भागाकार पुन्हा केला. गणिताच्या बाईचा भागाकार चुकत नाही, हे किती वाईट असतं ते मला तेव्हा कळलं.

मामा दारू पितो? आमचा मामा? लग्नांमध्ये सरबताचासुद्धा वास घेऊन पितो तो. पण चोरून पिणारे असेच असतात म्हणे. मी मामीला फोन केला. करायला नको होता.

मामी बसमध्ये तिकीट तपासनीस आहे. चढलेल्या माणसाच्या मानेवरून तिला कळतं की, याच्याकडे तिकीट आहे की नाही. अशा बाईच्या नवऱ्याने काही लपवायचं म्हणजे धाडसच. माझं ऐकून झालं. ती म्हणाली, "तरीच."

"तरीच काय?"

"संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली असतं. चष्मेवाला सांगत होता, आतून कण्हल्यासारखे आवाज येतात. घरी येतात ते घामाने निथळत, तोंड लाल. आणि जिना उतरताना बघितलंस का? आडवे उतरतात, खेकड्यासारखे, कठडा धरून. मी विचारलं तर म्हणाले, बूट चावतो."

त्याच संध्याकाळी मामीने दुकानावर धाड घातली. मामा सुया आणायला गेला होता. तिने फळ्यांवरच्या सगळ्या बाटल्या उघडून एकेकीचा वास घेतला. सगळ्यांत मशीनचं तेलच होतं. शेवटच्या बाटलीचा तिने घोटही घेऊन पाहिला म्हणे, खात्री करून घ्यायला. तेही तेलच निघालं. दोन दिवस तिच्या पोटाने तिच्याशी वैर धरलं, आणि संशय मात्र जागच्या जागी राहिला.

त्यानंतर मामाचे हाल कुत्रा खाईना. तो घरात शिरला की मामी दारातच "तोंड उघडा" म्हणायची. तो बिचारा उघडायचा. त्याला वाटायचं दातांचीही तपासणी आहे. मी भेटले की मीही जरा जवळ जाऊन बोलायचे, नाक पुढे करून. मामा मागे सरकायचा, मी पुढे. शेवटी एकदा त्याने विचारलं, "तुला कमी ऐकू यायला लागलंय का गं?"

या सगळ्यात निवांत एकटी आई होती. मी तिला रिपोर्टचं सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हातबित काही लावला नाही. उलट उशी पाठीशी घेऊन उठून बसली. "असू दे. नाही जमलं तर नाही जमलं. उगाच त्याच्या मागे लागू नका." आणि मला चक्क हसताना दिसली. त्या रात्री ती शांत झोपली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिच्यासाठी आम्ही जिवाचं रान करतोय ती बाई अशी, आणि ज्याच्यावर मदार आहे तो मामा बहुधा बाटलीत.

आठवड्याने परत रक्त दिलं. या खेपेला मामा तीन पायऱ्यांसाठीसुद्धा लिफ्ट शोधत होता. नवा रिपोर्ट आला. एसजीओटी साडेतीनशे.

आता डॉक्टरबाईंनीच बोलावलं. त्या मामाला म्हणाल्या, "तुम्हाला एकट्याशी बोलायचंय. घरच्यांना बाहेर बसू दे."

"का?" मामा म्हणाला. "मला काय लपवायचंय? येऊ द्या सगळ्यांना."

मामी आधीच आत येऊन बसली होती. मी तिच्या शेजारी. आई डायलिसिस आटपून थेट तिथे आली होती, तीही दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. डॉक्टरबाईंनी आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं, मामाची परवानगी पुन्हा विचारली आणि म्हणाल्या, "आकडे खरंच वाढलेत. पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त."

"खरंच?" हे आई म्हणाली. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. "म्हणजे खरंच वाढलेत? त्याला खरंच काहीतरी झालंय?"

मला तिचं नवल वाटलं. आठवडाभर आम्ही दुसरं काय बोलत होतो? पण डॉक्टरबाईंनी तिच्याकडे जरा रोखून बघितलं आणि पुढे चालू केलं. दारू घेता का? नाही. कधीतरी? नाही. मामीने घसा खाकरला. वेदनाशामक गोळ्या, कुठली पूड, काढा, ताकदीचं औषध? नाही, नाही, नाही. कावीळ झाली होती? नाही.

"गंमत अशी आहे," डॉक्टरबाई कागद उलटत म्हणाल्या, "की लिव्हरचं दुखणं असतं तर आणखी दोनतीन गोष्टी बिघडायला हव्या होत्या. बिलिरुबिन चांगलं आहे. जीजीटी म्हणून एक एन्झाइम असतं, दारू पिणाऱ्यांचं ते बहुतेकदा वाढतं, तुमचं अगदी सरळ आहे. सोनोग्राफीत लिव्हर स्वच्छ. मग हे दोनच आकडे का पळालेत?"

"पळालेत" हा शब्द ऐकून मामाची मान खाली गेली. मला ते दिसलं. मामीला तर दिसलंच.

"या, टेबलावर झोपा, पोट बघते," डॉक्टरबाई म्हणाल्या. मामा उठायला लागला. त्याने टेबलाची कड धरली, दात आवळले, अर्धा उठला, परत बसला, पुन्हा उठला. मांडीला डॉक्टरबाईंचा नुसता हात लागला आणि तो किंचाळला.

"पाय दुखतायत?"

"जरा."

"कशाने?"

"वय झालं."

"तिकीट दाखवा," मामी म्हणाली. म्हणजे शब्द वेगळे असतील, पण आवाज तोच होता. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? शटर खाली ओढून काय करत होता रोज?"

मामाने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग जमिनीशी बोलायला लागला. "ट्रायल घेत होतो."

"कसली?"

"माझी."

आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तपासणीची तारीख मिळाली त्या दिवसापासून मामाने स्वतःला पूर्ण वेगाने पळवायला घेतलं होतं. शटर अर्धं ओढायचं, शिलाईयंत्राचं बिडाचं हेड दोन्ही हातांनी छातीशी धरायचं आणि उठबशा काढायच्या. पाय थरथरायला लागले तरी काढायच्या, कारण खरी परीक्षा तिथून पुढेच असते. मग समोरच्या इमारतीचा जिना, गच्चीपर्यंत, त्याच हेडासकट. ज्या माणसाने आयुष्यभर स्टुलावर बसून काम केलं, ज्याच्या मांड्या म्हणजे दोन मिटलेल्या छत्र्या, त्याने हे केलं. पहिला रिपोर्ट वाईट आला तेव्हा त्याला वाटलं, यंत्र कच्चं आहे, आणखी पळवायला हवं. म्हणून त्याने हेड बदललं. मोठं घेतलं. चामडं शिवायच्या मशीनचं.

"मला वाटलं," मामा म्हणाला, "काही मोडायचंच असेल तर आधी माझ्याकडे मोडू दे. ताईच्या पोटात जाऊन मोडलं तर?"

मामीने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय करत होती ते मी बघितलं नाही, कारण माझीही तीच गत होती.

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "लघवीचा रंग कसा होता?"

"मधे दोन दिवस कोऱ्या चहासारखा. पाणी कमी प्यायलो असेन."

"अहो," त्या म्हणाल्या, आणि त्या "अहो"मध्ये इतका धसका होता की मामा सरळ होऊन बसला. "हे बघा. एन्झाइम ही पेशींच्या आत राहून काम करणारी वस्तू. रक्तात ती थोडीशीच असते. पेशींना इजा झाली की ती बाहेर सांडते आणि रक्तात आकडा वाढतो. दूध उतू गेलं की ओट्यावर दिसतं ना, तसं. पण दोन शेगड्यांवर दोन पातेली असतील, तर ओट्यावरच्या दुधावरून कुठलं उतू गेलं ते कळत नाही. एसजीओटी लिव्हरमध्ये असतं तसं स्नायूंमध्येही असतं. एसजीपीटी लिव्हरमध्ये जास्त, पण स्नायूंमध्येही थोडं असतंच. तुमच्या मांड्या उतू गेल्यात, आणि आम्ही बसलोय लिव्हरकडे बघत."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. बिचारं मामाचं लिव्हर. सरबतापलीकडे काही न बघितलेलं, आणि आम्ही दोघी आठवडाभर त्याच्या नावाने नाक लावून हिंडत होतो.

"खात्री करायला सीपीके बघूया," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते मुख्यतः स्नायूंचंच. स्नायू दुखावले असतील तर तोच आकडा आधी ओरडेल." संध्याकाळी तो आला. साधारण दोनशेच्या आत असावा लागतो. मामाचा अकरा हजार होता. मी गणिताची असूनसुद्धा शून्यं बोटाने मोजली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्याला असं काही झापलं की, बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनीही आपापले व्यायाम सोडले असतील. स्नायू इतके फाटले की त्यांतला मळ रक्तातून किडनीत जातो, किडनी तुंबते, बंदही पडू शकते. जी किडनी बहिणीला द्यायची तीच हा माणूस उठबशा काढून घालवायला निघाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सुदैवाने किडनीला काही झालं नव्हतं. शिक्षा अशी ठरली: भरपूर पाणी, पूर्ण विश्रांती, काही उचलायचं नाही, आणि सगळं उतरल्यावर नव्याने तपासणी. "आणि आकडा वाढला की तो वाढलाच, असं नुसतं समजायचं नाही," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, बहुधा मामीने माझा भागाकार त्यांच्यापर्यंत पोचवला होता. "कशामुळे वाढला ते माणसाला विचारायचं. कधी खरंच लिव्हर असतं, म्हणून दुर्लक्षही करायचं नाही. पण आधी विचारायचं."

विश्रांती! मामाला फाशी चालली असती. मामीने रजा टाकली आणि पहारा बसवला. त्याने भरलेली बादली उचलली की ती हातातून काढून घ्यायची. खुर्ची सरकवली तरी "खाली ठेवा!" दुकानाला कुलूप, किल्ली मामीच्या गळ्यात. गिऱ्हाइकांचे फोन यायचे तेव्हा ती उचलून सांगायची, "मालक दुरुस्तीला टाकलेत." मामा दिवसभर पाणी प्यायचा आणि दिवसभर त्याचा हिशोब द्यायला जायचा. उरलेल्या वेळात त्याने घरातली सगळी घड्याळं उघडली. त्यांतली एक-दोन पुन्हा बंद झाली. त्याचे पाय सरळ झाले, जिना समोर तोंड करून उतरायला लागला, आणि मामीने त्याला तोंड उघडायला सांगणं सोडलं.

आई मात्र त्या दिवसांत अजिबात झोपत नव्हती. मी विचारलं की म्हणायची, "मी मजेत आहे." दिवसातून चारदा मामीला फोन करायची. त्याचा रंग कसा आहे, डोळे पिवळे आहेत का, जेवला का. मी म्हटलं, "आई, अगं स्नायूंचं होतं ते, डॉक्टरांनी सांगितलं ना." ती म्हणाली, "डॉक्टरांनी आधी लिव्हरचं सांगितलं होतं." तिला समजावणं म्हणजे रॉंग नंबरशी वाद घालणं.

नव्या तपासणीचा निकाल ऐकायला आम्ही चौघं गेलो. सीपीके जाग्यावर. एसजीओटी अठ्ठावीस. एसजीपीटी त्याहून कमी. किडन्या दोन्ही उत्तम. डॉक्टरबाईंनी कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "तुम्ही देऊ शकता." बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर मामा असा फुलला होता की, येणाऱ्याजाणाऱ्या नर्सना वाट देताना मान लववत होता. मामीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि लगेच ती थाप मागे घेतल्यासारखा हात फिरवला.

आई बाकावर बसली.

"मी त्यांना सांगितलं होतं," ती म्हणाली.

"कुणाला?" मी विचारलं.

"डॉक्टरबाईंना. अगदी पहिल्यांदा. म्हटलं, माझा भाऊ ऐकणार नाही, तुम्हीच काहीतरी काढा आणि त्याला नापास करा. लिव्हर म्हणा, हृदय म्हणा, काहीही म्हणा. त्या म्हणाल्या, असं खोटं आम्ही लिहीत नाही, तुम्हाला नको असेल तर तुम्ही नाही म्हणा. मला वाटलं, तोंडावर असंच म्हणतात. मग तो रिपोर्ट आला, तेव्हा मला वाटलं, ऐकलं बाई त्यांनी माझं." तिचा ऑपरेटरचा आवाज पहिल्यांदाच तुटला. "आणि मग त्या म्हणाल्या, खरंच वाढलंय. माझीच बत्तिशी वठली असं झालं मला. तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही."

म्हणून ती त्या रात्री शांत झोपली होती. आणि मी तिच्यावर चिडले होते.

मामा तिच्यासमोर उभा होता. त्याला रागावलेलं मी कधी बघितलं नव्हतं. गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हाही तो रागावत नाही, गप्प बसून सुई पुसतो.

"शाळेत दर वर्षी मी गणितात गटांगळ्या खायचो," तो म्हणाला. "आणि दर वर्षी तू मास्तरांच्या दारात जाऊन बसायचीस. याला पास करा म्हणून. हो की नाही?"

"हो."

"आणि आता नापास करायला गेलीस?"

"तेव्हा पास झालास तर वरच्या वर्गात जाणार होतास. आता पास झालास तर ऑपरेशनच्या टेबलावर जाशील. फरक आहे, बाळा."

"काही फरक नाही. तेव्हाही मला विचारलं नाहीस, आताही नाही." मामाने मोठा श्वास घेतला. "तू शिक्षण सोडलंस तेव्हा विचारलंस मला? नोकरी धरलीस तेव्हा? माझे बूट, माझी पुस्तकं, माझं दुकान, सगळं दिलंस आणि दर वेळी म्हणालीस, मी मजेत आहे. मी घेत गेलो. लाज वाटली तरी घेत गेलो, कारण तुला द्यायचं होतं. आता तू सांग, माझ्याकडून तू काय घेतलंस? एक वस्तू सांग."

आई खरोखरच विचार करायला लागली. कॉरिडॉरमधून एक रिकामी व्हीलचेअर गेली, तिचं चाक कुरकुरत होतं, आणि मामाचं तिकडे लक्षसुद्धा गेलं नाही.

"माझं शिवणाचं मशीन," आई म्हणाली, "तू दोनदा दुरुस्त केलंस."

"तू पैसे दिलेस! दोन्ही वेळा! घे म्हणून ओरडलीस माझ्या अंगावर!"

मामी म्हणाली, "ताई, खरं आहे ते. मला आठवतंय."

आई मामाकडे बघत होती, बहीण भावाकडे बघते तशी नाही, तर समोर कुणीतरी पुरा वाढलेला माणूस उभा आहे हे आत्ताच दिसल्यासारखी. तिने तळहात वर करून हात पुढे केला. माझ्या आईला मी असा हात पुढे करताना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"दे मग," ती म्हणाली.

मामाने तो हात आपल्या तेलकट वासाच्या हातांत घेतला, नाक ओढलं, आणि कसाबसा म्हणाला, "डावी की उजवी, ते डॉक्टर ठरवतील. त्यात तुझं काही चालणार नाही."